दोन दिवसांची राजधानी

राजधानी पाहायला किती दिवस लागतात, असे कुणी विचारले तर उलट विचारावे, कोणती राजधानी? दिल्लीला आठवडा पुरत नाही. विजापूरला एकट्या गोलघुमटाखाली सकाळ निघून जाते. रायगडाला एक मुक्काम हवा आणि गुडघे धड हवेत. आपल्या मध्यमवर्गीय संसाराला दिवाळीत मिळतात ते मात्र मोजून दोन दिवस. भाऊबीज झालेली असते, चिवडा-चकल्यांचे डबे तळाला लागलेले असतात, आणि शाळा-कचेऱ्या उघडायला अजून थोडा अवकाश असतो. त्या फटीत सहल बसवायची. या फटीत नेमकी बसणारी एक राजधानी आम्हां पणदरेकरांच्या हाताशी आहे, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही ती फारशी दूर नाही. ती म्हणजे सातारा.

पणदरे हे बारामती-नीरा रस्त्यावरचे गाव. नीरेचा डावा कालवा, त्यावर पोसलेला ऊस आणि उसावर पोसलेले आम्ही. आमच्याकडे राजधानी म्हटले की बोट पुण्याकडे जाते. पुण्याला आम्ही दवाखान्यासाठी जातो, मुलांच्या प्रवेशासाठी जातो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो. आणि गेलोच आहोत तर शनिवारवाड्यापुढे उभे राहून मुलांना सांगतो, ‘ही बघा मराठ्यांची राजधानी!’ मराठीचा प्राध्यापक असलो तरी इतिहासाची एवढी चूक माझ्याने ऐकवत नाही. पेशवा कितीही थोर झाला तरी प्रधान. गादी साताऱ्याला. १७७४ साली सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले, तेव्हाही पाळण्यातल्या त्या प्रधानासाठी वस्त्रे आणवावी लागली ती सातारच्या छत्रपतींकडूनच.

तेव्हा गेल्या दिवाळीत डोंबिवलीहून ताई, दाजी आणि त्यांची दोन मुले आमच्याकडे आली, तेव्हा सहलीचा बेत सातारचा ठरला. ठरला म्हणजे गावाचे नाव ठरले. पुढचे सगळे ठरायला दोन रात्री लागल्या.

दाजी हे पद्धतशीर गृहस्थ. त्यांनी भ्रमणध्वनीवर यादीच करून आणली होती: कास पठार, ठोसेघरचा धबधबा, सज्जनगड, पाचगणी, महाबळेश्वर, आणि शेवटी ‘वेळ उरल्यास सातारा शहर’. सातारला जाऊन सातारा तेवढे वेळ उरल्यास पाहायचे, ही रीत केवळ दाजींची नव्हे. साताऱ्यात मुक्काम करणारे कितीतरी प्रवासी या गावाकडे इतर ठिकाणांचे कोठीघर म्हणूनच पाहतात. रात्री झोपायचे, सकाळी घाट चढून निघून जायचे.

मी एकच कसोटी पुढे ठेवली. जिथे गादीचा संबंध नाही, ती जागा या खेपेला नाही. कसोटी लावताच यादी भराभर आखडली. कासचे पठार जागतिक वारशात गेले ते २०१२ साली आणि योग्यच गेले; पण त्याची फुले पावसाळ्याच्या उतरणीची. दिवाळीला तिथे जाऊन वाळके गवत पाहण्यापेक्षा भाद्रपदाची वाट पाहावी. ठोसेघरचेही पाणी तोवर बारीक झालेले असते. महाबळेश्वरची दिवाळीतली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काही सांगायला नको. सज्जनगड गाळताना मात्र जिवावर आले. समर्थांची समाधी तिथे आहे, आणि ती धावत्या भेटीत उरकण्याची जागा नव्हे. तिच्यासाठी वेगळा दिवस काढायचा, असे आईच्या देखत कबूल करून मगच नाव खोडले.

मग मी माझी यादी वाचली: अजिंक्यतारा, चार भिंती, राजवाडा, संग्रहालय, लिंबची बारा मोटेची विहीर आणि संगम माहुली.

‘माहुली म्हणजे समाध्या ना?’ दाजी म्हणाले. ‘दिवाळीच्या दिवसांत पोरांना घेऊन नदीकाठी समाध्या कसल्या दाखवता? ती गाळा.’

ताईने मान डोलावली. आमच्या सौभाग्यवतींनीही दाजींचीच री ओढली. सणासुदीला घाटावर जायचे त्यांच्याही मनाला येईना. माहुली गळाली.

आमची आई शहात्तर वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे ती किल्ल्यावर चढणार नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ती निवासातच थांबेल, हेही. तिला कुणी विचारले नव्हते. रात्री अंथरुणे घालताना ती मला हलक्या आवाजात म्हणाली, ‘मला किल्ला नको, वाडा नको. पण माहुली ठेवता आली तर बघ. आमच्या दादांच्या अस्थी तिथं नेल्या होत्या. आम्हां बायकांना कुणी नेलं नाही.’

आईचे माहेर कोरेगाव तालुक्यातले. तिचे वडील १९६५ साली गेले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्या काळी बायका घाटावर जात नसत. भावांनी गाडी जुंपली आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले, एवढेच तिने पाहिलेले. पुढे लग्न होऊन ती नीरा ओलांडून अलीकडे आली. पंढरी झाली, काशी झाली. माहेराजवळची माहुली राहूनच गेली.

सकाळी मी दाजींना ही गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी भ्रमणध्वनी काढला, यादी उघडली आणि माहुली पुन्हा लिहिली. फक्त विचारले, ‘पहिल्या दिवशी की दुसऱ्या?’ मी म्हणालो, ‘सर्वांत शेवटी. राजघराण्याचा शेवट तिथेच झाला आहे आणि कोरेगावची वाटही तिथूनच जाते.’

अशा रीतीने बेत पक्का झाला. आता तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून क्रमाने सांगतो.

आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. ऊसवाहतुकीच्या दिवसांत उजाडल्यावर लौकर निघावे आणि अंधार पडायच्या आत परतावे. मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची जोड-ट्रॉली काळोखात किती अचानक पुढे उभी राहते, ते आमच्या भागातल्या गाडीवाल्यांना विचारा. नीरेचा पूल लागला तेव्हा मी मुलांना म्हटले, ‘आता आपण सातारच्या राज्यात शिरलो.’ ही काही थाप नव्हे. १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी जे राज्य तोडून दिले, त्याची उत्तरेची हद्द नीरा आणि भीमा, दक्षिणेची वारणा आणि कृष्णा. पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला थेट पंढरपूर-विजापूर. म्हणजे आमचे पणदरे इंग्रजांकडे आणि पलीकडचा काठ छत्रपतींकडे. धाकट्या भाच्याने लगेच पारपत्राची चौकशी केली.

फलटणला चहा-फराळ झाला. श्रीराम मंदिर आणि निंबाळकरांचा राजवाडा बाहेरून पाहिला. सईबाई या घराण्यातल्या, म्हणजे पुढे साताऱ्याला गादीवर बसलेल्या शाहू महाराजांच्या वडिलांच्या आजोळचे हे गाव म्हणा ना! (नाते मोजून पाहा: सईबाईंचे पुत्र संभाजी, संभाजींचे पुत्र शाहू. आजोळ वडिलांचे.) तिथून आदर्की, वाठार स्टेशन करीत दहाच्या सुमारास साताऱ्यात उतरलो. रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सातारचे स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. पुढे रिक्षा किंवा बस लागते.

उन्हाच्या वेळी संग्रहालय पाहावे. एस. टी. स्थानकाजवळच ते आहे. शस्त्रे, वस्त्रे सावकाश पाहायला दीड तास सहज जातो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे भारतात आली, ती प्रथम इथेच मांडली गेली. ती नंतर पुढच्या मुक्कामाला गेली. ती वाघनखे महाराजांचीच, असा खात्रीचा पुरावा नाही, हे त्या लंडनच्या संग्रहालयानेच सांगितलेले आहे. पण ती विलायतेला गेली कशी, ती हकीकत सातारचीच आहे. ग्रँट डफ हा इथला पहिला रेसिडेंट, १८१८ ते १८२२. त्याच्या घराण्याकडून ती तिथे पोचली. याच डफने पुढे १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला. राजाच्या शेजारी बसून कारभारावर नजर ठेवणारा माणूसच त्याच्या घराण्याचा बखरकार व्हावा, यात मला नेहमी एक गंमत वाटत आली आहे. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

दुपारची वामकुक्षी झाल्यावर चारला किल्ला. मोटार थेट दरवाजाच्या जवळपर्यंत जाते, हे कळल्यावर आईसुद्धा उठली. दरवाजापाशी सावली पाहून तिला आणि तिच्या सोबतीला ताईला बसवले आणि बाकीचे आत गेलो. अजिंक्यतारा पाहायला जाताना मोठमोठे वाडे उभे असतील अशी आशा ठेवू नये. तळी, मंगळाईचे देऊळ, पडक्या वास्तूंची जोती, दूरदर्शनचा मनोरा, आणि खाली सगळे गाव. चारी बाजूंना यवतेश्वर, जरंडेश्वर, सज्जनगड. पण इथे जे घडले ते माहीत असेल तर जोत्यावर बसूनही तास जातो.

१७०० साली खुद्द औरंगजेब या डोंगराखाली तळ देऊन बसला होता. प्रयागजी प्रभू किल्लेदार. मोगलांनी सुरुंग लावले. त्यांतला एक त्यांच्याच माणसांवर उलटला. राजाराम महाराज मार्चमध्ये सिंहगडावर वारले आणि एप्रिलमध्ये किल्ला गेला. बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. पुढे ताराबाईंनी तो परत घेतला आणि त्याचा अजिंक्यतारा झाला. ‘एकदा जिंकला गेलेला किल्ला अजिंक्य कसा?’ हा प्रश्न आमच्या नववीतल्या कन्येचा. मी म्हटले, नाव ठेवणाऱ्या बाईंचा स्वभाव त्यात दिसतो!

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला सिंहासनावर बसले. तिथून हे गाव राजधानी. किल्ल्याखाली त्यांनी वसवले ते शाहूनगर. अटकेपर्यंत गेलेल्या सत्तेचे मूळ या लहानशा गावात होते, असे मी रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात भाचीने विचारले, ‘मामा, मग फौज पुण्याहून निघायची, हुकूम पुण्याहून निघायचे, तर इथं राजा काय करायचा?’

या प्रश्नाचे उत्तर देताना आवाज जरा खाली येतो. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांच्यामागे रामराजे गादीवर आले, आणि वर्षाच्या आतच, नोव्हेंबर १७५० मध्ये, ताराबाईंनी त्यांना याच किल्ल्यावर अटकेत टाकले. त्यांनीच नातू म्हणून पुढे आणलेला मुलगा! आधी नातू म्हटले, मग तोतया म्हटले. त्याच साली सांगोल्याच्या करारात खरी सत्ता पेशव्यांच्या हाती गेलेली होती. तिथून पुढे राजधानी साताऱ्याला आणि राज्य पुण्याला, अशी फारकत झाली. छत्रपतींनी वस्त्रे द्यायची. त्यांनी कुठे जावे-यावे, हे दुसऱ्यांनी ठरवायचे. ज्या गावात राजालाच मोकळीक नाही अशी राजधानी जगात किती सापडतील मला ठाऊक नाही. भाची बराच वेळ तटावर उभी राहून खाली पाहत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे त्यांनी रोज हेच बघितलं असेल.’

उतरताना वाटेत चार भिंती लागतात. राजस्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून प्रतापसिंहांनी ही जागा बांधविली असे सांगतात. आता तिथे १८५७ च्या वीरांचे स्मारक आहे. इथे दहा मिनिटे तरी थांबावे, कारण प्रतापसिंह हा या राजधानीचा खरा चटका लावणारा माणूस. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांना गादीवर बसविले. रेसिडेंटच्या सल्ल्याने का होईना, पण इथल्या छत्रपतीला पुष्कळ वर्षांनी स्वतः कारभार करायला मिळाला आणि त्यांनी तो मन लावून केला. रस्ते आखले, वाडा बांधला. मग कंपनीशी खटके उडाले, कटाचे आरोप आले. १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. कबुलीवर सही करा, गादी राहील, असे त्याचे म्हणणे. महाराजांनी सही केली नाही. गादी गेली, काशीला पाठवणी झाली आणि तिथेच १८४७ साली ते वारले. त्यांचा वकील रंगो बापूजी गुप्ते हा लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागत राहिला, आणि हात हलवीत परत आला. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्यात गेंडा माळावर सतरा जणांना मारले; कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. राज्य त्याआधीच, १८४८ मध्ये, दत्तक नामंजूर करून खालसा झाले होते.

रात्री राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर मुलांनी काय काय खाल्ले त्याची यादी मी देत नाही. एवढा इतिहास ऐकल्यावर भूक लागतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच राजवाडा निवांतपणे बाहेरून पाहिला. जुनी वास्तू, काळाने खंगलेली. पण लाकूडकामाकडे पाहिल्यावर मूळ डौल कळतो. जुन्या राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव पटावर दाखल झाले. पुढे त्या मुलाने देशाची राज्यघटना लिहिली. ज्या वाड्यात राजाचे राज्य एका सहीवरून गेले, तिथे काही वर्षांनी ही दुसरी सही झाली. मुले याच जागी सर्वांत अधिक वेळ रेंगाळली. शाळेचा पट म्हणजे काय हे त्यांना कळते, तह म्हणजे काय हे कळत नाही.

नंतर लिंबची विहीर. साताऱ्याच्या उत्तरेला, महामार्गापासून थोडी आत. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती आमराईसाठी बांधविली. नाव बारा मोटेची, पण मोटांच्या जागा मोजल्या तर पंधरा. विहिरीच्या पोटात जिना आहे आणि माथ्यावर चक्क महाल. आम्ही कालव्याच्या पाण्यावर वाढलेली माणसे. पाण्याला इतक्या मानाने वागविलेले पाहून दाजींपेक्षा मीच अधिक वेळ खाली वाकून पाहत होतो. कठड्याशी मुलांना सांभाळावे.

जेवण करून, कंदी पेढे घेऊन आम्ही माहुलीला निघालो. पेढ्यांबद्दल एक सूचना: चांगला कंदी पेढा खव्याला भाजून खरपूस केलेला आणि गोडाला बेताचा असतो. पांढराफटक आणि नुसता गोड लागला तर पुढच्या दुकानात जावे.

कृष्णा आणि वेण्णा यांचा हा संगम. श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ, काळ्या दगडाचा घाट, आणि आसपास समाध्या. शाहू महाराज इथे आहेत, ताराबाई इथे आहेत. शाहूंच्या मातोश्री येसूबाई यांचीही समाधी अलीकडे इथे निश्चित झाली आहे. नदीपलीकडच्या क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. मुलांना आवडली ती शाहूंच्या कुत्र्याची समाधी. वाघापासून त्याने धन्याला वाचविले आणि त्याला पालखीचा मान मिळाला, अशी कथा आहे. धाकटा भाचा त्या दगडी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवीत बसला. दाजी एकेका समाधीपुढे चप्पल काढून उभे राहत होते.

आईला सौ. आणि ताईने दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्या उतरवल्या. तिने पाण्याला हात लावला, डोळ्यांना लावला. जवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना तिने विचारले, पासष्ट साली अस्थी आणायचे त्या कुठल्या बाजूला सोडत? त्यांनी संगमाकडे हात केला. ‘तिथंच. अजून तिथंच सोडतात.’

ती तिकडे पाहत काही वेळ उभी राहिली. मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून त्यातला एक तिने पायरीवर ठेवला, एक त्या गृहस्थांना दिला, आणि ताईला म्हणाली, ‘दादांना गोड फार आवडायचं. चल, वर चढव मला. कोरेगावातून जाताना आमचा वाडा दाखवते पोरांना. पडला नसेल तर.’

कोरेगाव, सातारारोड, वाठार अशी ही परतीची वाट येताना घेतलेल्या वाटेपेक्षा थोडी लांब पडते. चारच्या आत माहुली सोडली तर दिवस असेतो फलटण गाठता येते.